अडकलेला तिसरा दम

मी सांगोल्याकडचा, धनगराचा. बापाकडं मेंढरं हुती, आन् काय सांगू तुमाला, मेंढरू आजारी पडलं की बाप त्याच्या बरगडीला कान लावायचा आन् नुसता दम ऐकून सांगायचा, हे जगंल, हे न्हाय. मला मेंढरं जमली न्हाईत, मी अकलूजला ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागलो, पर कान तेवढा बापाचा आला. आता पोरं गाडीला कॉम्प्युटर लावत्यात, मी अजून कानच लावतो. गाडी माझ्याशी कवा खोटं बोलली न्हाय. मानसं बोलत्यात, त्यांचं सोडा.

तर श्रीपूरकडच्या एका वस्तीवरनं आण्णांचा फोन आला. आण्णा म्हंजे मोठे ऊसवाले, त्यांचा एकुलता लेक न्यूमोनियानं गेलेला, वर्षश्राद्ध पंधरा दिसांवर आलेलं. त्याची तांबडी जपानी गाडी हुती, शर्यतीच्या गाडीगत बुटकी. तो गेल्यावर ती कवा चालू व्हायची, कवा न्हाय, आन् आता चार महिनं झालं पार मुकी. पुन्याचा मेकॅनिक हात टेकून गेला. आण्णा म्हनले, श्राद्धाच्या आत ही दारातनं हलली पायजे मिस्त्री, पुतन्या न्यायला तयार हाय, हिच्यापायी आमची मंडळी वेडी व्हायची, दिसभर शेडात हिच्यापाशी बसती. आन् आक्का, म्हंजे त्यांची मंडळी, आतनं म्हनल्या ते फोनवरच ऐकू आलं, तोच चालू हू देत न्हाय, तुमी कशाला मधी पडताय.

मी वस्तीवर पोचलो तवा भर दुपारचे बारा. लाईट गेल्याली, पान्याच्या मोटारी बंद, उसाचं पान हलत नव्हतं. ह्या इंजिनाला पिस्टन नसतो बरं का, आत तीन कोपऱ्यांचा लोखंडी तुकडा गरगर फिरतो, तसले दोन, एकामागं एक. मीबी पैल्यांदाच बघत हुतो, मोबाईलवर बघून गेलो हुतो, लपवत न्हाय. प्लग काढले, चारीबी पेट्रोलात भिजल्याले. पेट्रोल येऊ नये म्हनून पंपाचा फ्यूज काढला, प्लगच्या भोकापाशी कान नेला आन् आण्णांना म्हनलं, मारा स्टार्टर. तीन कोपऱ्यांचे तीन दम सारखे यायला पायजेत. पुढच्या तुकड्याचे आले, हप्, हप्, हप्. मग मागचे ऐकले. एक आला, दुसरा आला, आन् तिसरा अडकल्यागत, बारीक. पुन्ना तसंच.

वळून बघतो तर आक्का उभ्या, कवा आल्या ठावं न्हाय. त्यांनी त्या भोकापुढं तळहात धरला, म्हनल्या, थांबू नगा, फिरवा. मग माझ्याकडं न बघता म्हनल्या, तिसरा अडकतोय, दवाखान्यात त्याचाबी असाच अडकायचा, मी उशाला बसून मोजत हुते. तिसरा अडकतोय हे मी कुनाला बोललो नव्हतो हो.

तरीबी म्हनलं, आपुन आपलं काम करावं. इचारलं, गाडीला किल्ली कोन लावतं? आक्का म्हनल्या, मीच, दर अवसेला. हळदकुकू लावायचं, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, चालू करून लिंबावरनं हातभर पुढं घ्यायची आन् बंद करायची, तो असताना तोच करायचा. आपल्यात समदेच करत्यात, मीबी करतो. पर पोरगा पूजेनंतर गाडी फिरवून आनायचा, आक्का तितंच बंद करायच्या. ट्रॅक्टरला त्यानं काय हुत न्हाय. ह्या इंजिनाला गार असताना चालू करून लगीच बंद केलं की पेट्रोल आत साठतं, तेल धुऊन जातं, दमच धरत न्हाय. मी बोलून गेलो, आक्का, तुमच्याच हातानं बुडत गेली ही. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आक्का म्हनल्या, त्याच्याबी छातीत पानीच भरलं हुतं.

मी भोकातनं तेल सोडलं आन् पुन्ना फिरवली. तिसरा दम भरून आला, तिन्ही सारखे. मला बरं वाटलं, आन् आक्कांनी हात काढून घेतला. म्हनल्या, ह्यो त्यो न्हाय. मग हळूच म्हनल्या, मिस्त्री, मघाचाच ऱ्हाऊ द्या की, एवढाच हाय माझ्याजवळ. आण्णा मान फिरवून उभे. काय करू सांगा? मी सुके प्लग बसवले, फ्यूज परत लावला. गाडी पेटली, समदं शेड पांढऱ्या धुरानं भरलं, आन् आक्का त्या धुरात उभ्याच ऱ्हायल्या. श्राद्धाच्या आदल्या दिशी पुतन्या गाडी घेऊन गेला.

तवापास्नं दर अवसेला दुपारी आक्कांचा फोन येतो. कुटलं इंजिन उघडं हाय का रं, इचारत्यात. मी फोन इंजिनापाशी धरतो, स्टार्टर मारतो, त्या ऐकत्यात, म्हनत्यात, न्हाय, ह्यो त्यो न्हाय, आन् ठेवत्यात. मला लई वाईट वाटतं, पर न्हाय म्हनवत न्हाय.

मागच्या अवसेला गॅरेज रिकामं हुतं. मी म्हनलं, आक्का, आज गाडीच न्हाय हो. तर म्हनल्या, बोलू नगं, येतोय की आवाज. मी तसाच फोन धरून उभा. त्या मोजायला लागल्या. एक. दोन. मग लई वेळ गप. आन् मग तीन म्हनल्या, आन् हसल्या, आन् पुन्ना एकपास्नं मोजायला लागल्या. मला कायबी ऐकू येत नव्हतं. फोन मी ठेवला न्हाय, त्यांचं मोजून हुईस्तोवर उभा ऱ्हायलो. त्या माउलीचं भलं हू दे. मी मातुर आता दुपारचा गॅरेजात एकटा बसत न्हाय.