आबांचा बैल आणि माझा हात

माझं माहेर ताडकळसच्या बाजूचं, शेताच्या कडंची वस्ती, आमी बौद्ध, पर गावातले लोक आमाला जातीच्या जुन्याच नावानं हाका मारायचे, आन् आमचे बाप त्या हाकेला ओ बी द्यायचे, याचा मला लहानपणापासून राग. राग हा माझ्या जन्माच्या आधीच घरात आला असंल, मी निस्ती सांभाळला. विद्यापीठाच्या नामांतराचं भांडण पेटलं तवा सासरच्या गावात आमच्या घरावर राकेल पडलं, आमी अंगावरच्या कपड्यानिशी परभणीला आलो, नवरा हमालीला लागला आन् मी काही वर्सांनी म्हाताऱ्यांच्या आश्रमात आया म्हणून लागले.

काय सांगू तुम्हाला, पांढरं लुगडं मिळालं मला तिथं. मी तर स्वतःला नर्सबाईच समजायलते. चपला टाक्‌टाक् वाजवीत चालायचे, येताजाता उगंच म्हाताऱ्यांची नाडी धरायचे, नाडी कुठं असती ते ठाऊक न्हाई, कोपरापाशी धरायचे आन् मान हलवायचे. एक म्हातारी मनली, कौसे, तिथं नाडी न्हाई, तिथं माझी गाठ हाय. अशी मी हुशार.

काम काय, तर आंघोळी घालायच्या, भरवायचं, आन् हागलं-मुतलेलं काढायचं. त्याला माझ्या हाताला कुणी ना मनलं न्हाई. हे ध्यानात ठिवा.

तिथं सोनपेठकडचे एक आबा होते, माणिकआबा, मोठे शेतकरी. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, वाचा बी गेलेली. मुलांनी जीपमधून आणून ठेवलं आन् गेले. उजव्या हाताची मूठ अशी आवळलेली की नखं तळहातात रुतायची. दिवसभर भिंतीकडं तोंड.

मग दर गुरवारी एक ड्रॉइंगच्या बाई यायला लागल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, स्वभावानं गोड. त्यांनी समद्यांना लिंबाखाली बसवलं आन् पळसाच्या फुलाचा रंग, हळद, गेरू, पानं, काड्या, मातीचा गोळा, असं समोर मांडलं. मनल्या, झाडामातीत हात घातला की मन बी मोकळं होतं, अंग बी. मी तोंडाला पदर लावून हासले. मनलं खाऊन-पिऊन म्हातारी माणसं चिखल खेळायलीत, आन् तो पसारा उद्या मलाच झाडायचाय. बाईंनी मला बी बसवलं. मी मोर काढला. शेजारची म्हातारी मनली, कोंबडी अंड्यावर आलेली दिसती.

आबांची मूठ काही उघडंना. बाई मनल्या, कौसा, तू त्यांच्या हातावर हात ठिव, आन् दोघं मिळून माती दाबा. तर मी पाणी आणायचे, काळी माती मळून लोण्यावाणी करायचे, मग त्यांची बोटं एक एक सोडवायचे, माझा हात वरून, त्यांचा खालून, मधी माती. उन्हाळा गेला, पाऊस लागला. एक दिवस माझ्या हाताखाली त्यांचं बोट आपल्या आपण हाललं. मी अशी ओरडले की साहेब, म्हंजे आश्रमाचे व्यवस्थापक, साप निघाला समजून काठी घेऊन आले. मग आबांनी बैल करायला घेतला. पाय जाडे, शिंगं वाकडी, पर वशिंड मात्र बरोबर, हात फिरवला की बैलच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असती. वर्सभर जू वाहून बैलाचा खांदा सोलतो, तर त्याला तूप-हळद चोळायची आन् उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आश्रमात कुठले बैल, मनून समद्यांनी आपआपले मातीचे बैल पुढं घेतले. मी वाटीत तूप कालवून आबांपाशी बसले. त्यांनी बोट बुडवलं, आपल्या आपण, बैलाच्या खांद्यावर ठिवलं, आन् तोंडातून शब्द आला. उ-द्या... जे-वाया... ये. बाईंच्या डोळ्यांत पाणी. मी येडी, मला इतका आनंद की मी रोजच्यावाणी माझा हात त्यांच्या हातावर ठिवला, चोळू लागायला.

त्यांनी हात झटकला. त्याच हातानं. आन् मनले, शिवू नको. बैलाला.

साफ बोलले. अडखळले बी न्हाई.

आन् तिथं काय झालं मनता? टाळ्या झाल्या. आबा बोलले, आबा बोलले! बाईंनी मला मिठी मारली, कौसा, आपण जिंकलो! काय बोलले ते कुणाच्या कानात शिरलंच न्हाई. साहेबांनी पेढे मागवले. माझ्या अपमानाचे पेढे, आन् मी बी एक खाल्ला. वरून मनलं चांगला हाय, खव्याचा हाय. त्या कौसाला आज धरून दोन थोबाडीत द्यावं वाटतं.

घरी गेले आन् तो पेढा पोटात पेटला. ज्या बैलाच्या पूजंला माझा हात चालंना, त्याची माती कुणी मळली? ते बोट कुणी सोडवलं? रोज सकाळी ढुंगण कोण धुतं?

पोळ्याच्या दिवशी सकाळी आबांनी घाण केली. मी गेले, दारात हुबी ऱ्हायले, हात पाठीमागं. मनलं आबा, आता वाचा आलीय तुमाला, तर एकदा सांगून टाका, मी कुठं शिवायचं आन् कुठं न्हाई. साहेब धावत आले, मनले कामाला लाग न्हाईतर घरी जा. मनलं जाते, आधी त्यांना सांगू द्या. घरी दोन लेकरं, नवऱ्याची कंबर धरलेली, पर तोंड काही थांबंना. पोळ्याला आलेल्या ड्रॉइंगच्या बाई बी धावल्या, मनल्या आजारी माणूस हाय गं, सोडून दे. मी त्यांना बी सोडलं न्हाई. काय काय बोलले ते लिहू नका, सून वाचंल.

समदे दाराशी जमले. वास सुटलेला. आबा भिंतीकडं बघायलते. तिकडंच बघत मनले, धू.

मनलं कशानं? माझ्या हातानं?

त्यांनी डोळे मिटले. मनले, हौ.

समद्यांच्या म्होरं. मग मी धुतलं त्यांना, जरा रगडूनच धुतलं. धोतर बदललं, हात साबणानं धुतले, बाहेर आले, तुपाची वाटी घेतली, आन् त्यांच्या बैलाच्या दोन्ही खांद्यांना माझ्या या बोटांनी तूप चोळलं. आबा खाटंवरून, दारातून बघायलते. माफी बी मागितली न्हाई, बरं का, तुमाला वाटंल मागितली असंल. तोंड फिरवलं, बस. पुढच्या गुरवारी मातीपाशी बसले आन् माझी वाट बघत ऱ्हायले. मी मनलं आज तुमीच मळा. एका हातानं मळली त्यांनी, तासभर, दात खाऊन. म्हंजे माझ्यावरच्या रागानं बी हात सुधारलाच त्यांचा.

आबा वारले तवा मुलं जीप घेऊन आली, मला मनली बाई बाजूला सरा. सरले. नामांतर झालं त्या साली मी ते काम सोडलं, गल्लीत गुलाल खेळले, पांढऱ्या लुगड्यावरच खेळले.

आता माझीच बोटं वळंनात. नात कणकेचा गोळा हातात देती, मनती आज्जी, दाब. मी तिला शिव्या देते आन् दाबते. राग गेला का मनून इचारायलाव? न्हाई गेला. तो जाईल तवा मला बी न्यायला माणसं आलेली असतील. तुमी एवढं बसून ऐकलंव, तुमचं भलं होवो. म्हातारपणी तुमचा हात हातात धरणारं कुणी भेटो, आन् भेटलं तर त्याला धरू द्यायची अक्कल बी तुमाला राहो.