क्वार्टरबॅकचं कोरं पान

चांगला क्वार्टरबॅक ओळखायचा कसा, ते मला अजून कळलेलं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकतो तो. आमच्या स्कोफिल्ड्स उपनगराच्या टीमचा मी कोच. कोणाचा बॉल किती वेळा समोरच्यांच्या हातात गेला, ते मी वहीत लिहायचो आणि मॅचनंतर चहा पिताना सगळ्यांना वाचून दाखवायचो. ॲल्विनचं पान भरलेलं, निलेशचं कोरं. म्हणून फायनलला मी निलेशला क्वार्टरबॅक केलं आणि ॲल्विनला पुढे झेलायला ठेवलं. पठ्ठ्या निलेशने बॉल एकदाही गमावला नाही, पण फेकलाही नाही! दर वेळी छातीशी धरून आडवा. आम्ही शून्यावर हरलो.

मी विचारलं, "अरे, ॲल्विन मोकळा उभा होता, दिसला नाही?"

"दिसला ना."

"मग?"

"त्याच्या मागे वही घेऊन तू पण दिसलास."