वसंताच्या ट्रकमधील फेरबदलांबाबत

विषय: माझा धाकटा भाऊ वसंता याने लिलावात घेतलेला, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेला जुना फौजी ट्रक.

दरवर्षी तो त्यात काहीतरी बदले. आधी इंजिन, मग टप, मग रंग. बदल आरटीओत नोंदवावे लागतात. मी जन्माचा कारकून, म्हणालो, "काहून घाई करून राहिला? सगळं होऊ दे, एकच अर्ज करू."

वसंता अचानक गेला. त्याची बायको म्हणाली, "दादा, दारातून हटवा तो ट्रक. मले पाहवत नाही."

विकायला काढला, तर ट्रक कागदाशी जुळेना. आरटीओतला बाबू म्हणाला, "पहले बदलाव मंजूर कराइए. मालिक के दस्तखत लगेंगे."

"मालिक नहीं रहे."

"तो पहले पत्नी के नाम कराइए."

"तो कर दीजिए ना."

"कैसे? गाड़ी काग़ज़ से मिलती नहीं."

ट्रक दारातच आहे. अर्ज प्रलंबित आहे.