उजव्या हाताचं बोट

नाही मॅडम, पंखा मी मुद्दाम बंद केला. उद्या तुम्ही रिपोर्टात लिहाल, वाऱ्यानं हललं. तहसीलीत बत्तीस वर्षं बाबू होतो मी — रिपोर्ट कसा लिहितात, अन् कोणाच्या सोयीनं लिहितात, ते मले सांगू नका. प्रवीणनं पाठवलं ना तुम्हाले नागपूरहून? आई काहीच प्रतिसाद देत नाही, असं तुम्ही लिहायचं, अन् त्यानं हिले तिकडच्या संस्थेत नेऊन ठेवायचं. गुणी पोरगा आहे. रविवारची अँब्युलन्ससुद्धा सांगून ठेवली त्यानं, रिपोर्टाच्या आधीच.

तर बोट. लकवा मारल्यापासून पाच महिने शकुननं कोणाकडे पाहिलं नाही, पण उजव्या हाताचं बोट हलवते. डॉक्टर म्हणते, घरच्या माणसाले असा भास होते. भास? मले? अहो, भास काय असते ते मी कारध्याच्या पुलाखाली पाहिलं आहे — डोमा म्हणून एक मासे धरणारा आहे आमचा, त्याले नदीत मगर दिसली. म्हणे, लाकूड असतं तर धारेसोबत खाली गेलं असतं, अन् हे तर वर जाऊन राहिलं, मधीच थांबून राहिलं, वळून राहिलं! झालं — बायांनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटले. मी एकटा सांगून राहिलो, बावांनो, खाली धरणाची दारं लावली की वैनगंगेचं पाणी उलटं फुगते, लाकूडही उलटंच जाणार. माणसाच्या डोळ्याले खोडच आहे — कोणी न ढकलता जे हलते, थांबते, वाट बदलते, ते जिवंत. वाचलं आहे मी त्यावर. शेवटी ओंडका काठाले लागला, तर डोमा म्हणते, "बाबूजी, मगरीनं रूप बदललं." आता बोला!

तर असा माणूस आहे मी. तपासूनच बोलतो. पंखा बंद, खिडकी बंद, पलंगाले कोणी टेकायचं नाही. मग हिचा हात हातात घेतो, पेपर वाचून दाखवतो — पाच मिनिटांत हलते. काल चुकून परवाचा पेपर वाचला, तर दोनदा हललं. रागावली असंल. — हे पाहा. आत्ता. दिसलं ना? — हात सोडून? काहून? धरल्यावरच तर ती... बरं. सोडला. तुमच्या समाधानासाठी.

थांबा जरा.

थकली असंल. नवं माणूस समोर असलं की लाजतेही — अन् तुम्ही तिचा हात पाहाले आल्या ना? मग माझ्या हाताकडे काहून पाहून राहिल्या? तो थरथरतेच, तीन वर्षं झाली, वयाचं आहे ते. त्याचा इथं काय संबंध?

काय संबंध, म्हणतो मी?

लिहा. कागद तुमचा आहे. पण 'निरीक्षण चालू आहे' असं लिहा — तेवढं तर लिहिता येते? सरकारचा अर्धा कारभार त्या तीन शब्दांवर चालते. रविवार तरी निघून जाईल.

या आता. दार लोटून घ्या. मी फाटकापर्यंत आलो असतो, पण हिनं हात धरून ठेवला आहे.