कडेचा माणूस

फ्रेमच्या दुकानात माझ्यापुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या, लूला आणि तिची धाकटी अर्नेस्टिन. १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात सरकारनं आमच्या मेरीलँडमध्ये ही वसाहत बांधली, तेव्हाचा फोटो त्यांनी सरकारी संग्रहातून मागवला होता. सोबत घरची जुनी फ्रेम आणली होती.

“घर छान मधोमध घेतो, बाई. हा कडेचा माणूस माउंटखाली, म्हणजे ह्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली जाईल,” दुकानदार म्हणाला.

“तो कडेचा माणूस आमचा बाप आहे.”

“माफ करा, माझ्या लक्षात नाही आलं.”

“कुणाच्याच येत नाही. खाली काय लिहिलंय बघा, ‘नवं घर आणि एक मजूर’. घराचा नंबर टिपलाय, बापाचं नाव तेवढं विचारायचं राहिलं.”

“लूला, हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. त्या रांगेतली सगळी धुराडी ह्या माणसानं बांधली. मग घर मागायला गेला, तर म्हणे, ही घरं फक्त गोऱ्यांसाठी आहेत.”

“रविवारी चर्चहून येताना बाबा बसमधून दाखवायचे आम्हाला. ते बघा माझं धुराडं, धूर कसा सरळ चाललाय.”

“आणि तू टाळ्या वाजवायचीस.”

“मी लहान होते गं.”

“मग कसं करू, बाई? ह्या फ्रेममध्ये सगळा फोटो मावत नाही.”

“बापाला मधोमध घ्या.”

“अहो, पण मग घर निम्म्याहून जास्त झाकलं जाईल.”

“जाऊ दे की. आम्ही कुठं त्यात राहिलो?”