राणीच्या ओठांची चमक

दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या बाईंचे कान शेजारच्या बाकावरच्या सासऱ्या-सुनेकडे लागले, तशी दाढदुखी आपोआप मागे पडली.

"बाबा, तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी दुरुस्त केलेलं राणीचं चित्र आमच्या प्रयोगशाळेत आलंय."

"मग? ओठ चमकतात ना अजून?"

"चमकतात, पण पापुद्रे सुटायला लागलेत. काय लावलं होतंत?"

"झाडाची राळ. गुरूंची गुप्त कृती."

"मी एक पापुद्रा यंत्रात तपासला. राळेचा मागमूस नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"मग माझ्या नेलपॉलिशचा थेंब तपासला. दोन्ही आलेख तंतोतंत जुळले."

"तुला घरी कामं नसतात का गं?"

"बाबा, आईंची ती हरवलेली बाटली..."

"हळू बोल. सकाळी चित्र द्यायचं होतं आणि राळ संपलेली. काय करणार होतो?"

"अहो, ती आत्यांनी ढापली म्हणून आई आजतागायत त्यांच्याशी बोलत नाहीत."

"रिपोर्टात काय हवं ते लिही. घरात अवाक्षर काढू नकोस."

"आज मी आईंना सांगणारच."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सासूबाई तोंडात कापसाचा बोळा धरून बाहेर आल्या.

"तासभर अजिबात बोलायचं नाही," मागून डॉक्टरांनी बजावलं आणि पुढचा नंबर पुकारला.

नंबर बाईंचाच होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

सासरे मात्र लगबगीने उठले. "सूनबाई, सांगायचंच आहे ना? मग आत्ताच सांग."