तिसरं मचाण

[जानेवारी १९९१. आखाती युद्ध सुरू आहे. रियाधबाहेर, कफीलनं, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या अरब मालकानं, शिकारीसाठी नवीनच घेतलेली जमीन. सकाळचं ऊन. कफीलचा ड्रायव्हर इसहाक, त्याची बायको बदरुन्निसा आणि तिच्या कडेवर झोपलेली लेक, अफनान.]

इसहाक : पहिलं मचाण त्या बाभळीवर. खलास.

बदरुन्निसा : त्या बाभळीवर कावळा बसला तरी ती वाकते, अहो. तुमचा कफील केवढा आहे?

इसहाक : मचाण म्हटलं की झाड लागतंच गो. आमच्या दापोलीत भेकरासाठी आंब्यावर बांधतात.

बदरुन्निसा : मग इथं आंबा लावा आणि बसा वाट बघत. शिकारी आहे म्हणून सांगितलंत कशाला त्याला?

इसहाक : त्यानं विचारलं, शिकार येते का. मी नाही म्हटलं नाही, एवढंच.

बदरुन्निसा : मामूंनी धाडलेला वाटा खायचात, ती शिकार?

इसहाक : खाल्ल्याशिवाय जनावर कळतं काय? शुक्रवारी तो येतोय. तीन जागा पसंत पडल्या, तर लढाई संपेपर्यंत इथली खोली आपली. नाहीतर परत शहरात. तोच सायरन, त्याच खिडकीला चिकटपट्ट्या.

बदरुन्निसा : म्हणून तर पोरीला घेऊन उन्हात फिरतेय. पाण्याच्या टाकीजवळ बांधा. हरणं तिथं येणारच.

इसहाक : तेच म्हणणार होतो. टाकीच्या उत्तरेला.

बदरुन्निसा : वारा उत्तरेचा आहे. कफील ऊदचं अत्तर लावून बसेल आणि हरणं थेट जिद्द्याला पोचतील. दक्षिणेला बांधा, चार खांब रोवून.

इसहाक : वाऱ्यातलं तुला काय कळतं?

बदरुन्निसा : अफनानचे लंगोट कोण वाळवतं? दुसरं मचाण त्या ओढ्याच्या वळणावर. लेंड्या ताज्या आहेत. आत्ताच पाय दिलात तुम्ही.

इसहाक : तपासत होतो.

बदरुन्निसा : आणि तिसरं त्या टेकाडावर.

इसहाक : तिथं ना पाणी, ना चारा. हरीण काय हवा खायला येईल? शिकारी मी की तू?

बदरुन्निसा : कफीलला सांगा, लांबचं दिसतं.

इसहाक : लांबचं म्हणजे काय? रियाधचा रस्ता दिसतो नुसता.

बदरुन्निसा : खोली मिळाली तरी गाडी घेऊन तुम्ही रोज शहरात जाणारच ना?

इसहाक : नोकरीच ती. जावं लागणारच.

बदरुन्निसा : मग त्या मचाणाची शिडी जरा रुंद पायऱ्यांची करा. पोरीला कडेवर घेऊन चढायचंय मला.